पांढुर्ण्याच्या पांदणी

नागपुरात पहाटे धावणाऱ्यांची संख्या गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ वाढली आहे. अंबाझरीच्या बाजूस, फुटाळ्याच्या काठी किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडीत सूर्योदयापूर्वी गेलात, तर पिकल्या केसांचे गृहस्थ, नोकरीवर जाण्याआधी तासभर काढणाऱ्या गृहिणी, महाविद्यालयातील मुले-मुली अशी सर्व वयाची मंडळी घाम गाळताना दिसतील. पाहून समाधान वाटते. परंतु या शहराची एक अडचण आहे. त्याचे मोठे रस्ते एकामागून एक सिमेंटचे झाले आणि त्याची भूमी मुळातच सपाट. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर पसरलेल्या या पठारी शहरात चढण म्हणून जी आहे ती सेमिनरी हिल्सची; आणि ती दम लागायच्या आत संपते. मातीवरून, चढउतारावरून, झाडांच्या सावलीतून दोन-तीन तास धावत राहावे अशी ज्यांस हौस असते त्यांनी जावे कोठे? पुणेकरांस वेताळ टेकडी आहे आणि सिंहगड आहे. मुंबईकरांस बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. नागपूरकर रामटेककडे पाहतो आणि तेथील गर्दी पाहून परत फिरतो.

आमचे सांगणे असे की त्याने उत्तरेकडे पाहावे. राज्याची सीमा मध्ये येते म्हणून आपण नकाशा तेथेच दुमडून ठेवतो, पण सौंसर नागपूरपासून सुमारे ७० किलोमीटर आणि पांढुर्णा सुमारे १०० किलोमीटर. पांढुर्ण्यास तर दिल्लीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे स्थानक आहे. मोटारीची आवश्यकता नाही. आम्ही तिघे-चौघे गेली काही वर्षे हिवाळ्यातील रविवार या दोन गावांच्या आसपास काढीत आहोत. त्या भटकंतीतून हाती लागलेले काही येथे देत आहोत.

हा मुलूख आपल्याला परका वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. त्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णा हे मराठी बोलणारे भागही तिकडे राहिले. कचेरी हिंदी झाली, पाट्या हिंदी झाल्या. घरातली, शेतातली, बाजारातली बोली मात्र मराठीच राहिली. तिच्या शेजारी भोयर-पवारांची भोयरी आणि रानाकडच्या गावांत गोंडी. २०२३ साली हा भाग छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. त्याहून जुनी गोष्ट सांगायची तर ज्याने नागपूर शहर वसविले तो गोंड राजा बख्त बुलंद शहा या भागाच्या वरच्या डोंगरांतून, देवगडाहून, अठराव्या शतकाच्या आरंभी खाली उतरला. तेव्हा नागपूरकराने या वाटेने वर जाणे म्हणजे एका अर्थी उलट पावली घरी जाणेच होय.

धावणाऱ्याच्या दृष्टीने या भूमीचे महत्त्व तिच्या पायऱ्यांत आहे. सौंसरचा बराचसा भाग म्हणजे नागपूरच्या मैदानाचाच पुढे गेलेला पदर. तेथून उत्तरेस छिंदवाड्याचे पठार एकदम उंचावते. छिंदवाडा शहर सुमारे ६७५ मीटरवर आहे. पश्चिमेकडे पांढुर्णा सुमारे ४७० मीटरवर आणि त्यापुढे मुलताई त्याहूनही कितीतरी उंच. या दोन पातळ्यांच्या मधली जी कड आहे, सातपुड्याची दक्षिणेकडची उतरण, तीच आपल्या कामाची. तिच्यावर कोठेही चढा, दोनशे-अडीचशे मीटरची सलग चढण मिळते. पायांखालची जमीनही बदलते. पांढुर्ण्याकडे काळा बसाल्ट आणि त्याची काळी माती. सौंसरच्या पूर्वेकडे जुने स्फटिकमय खडक, पांढुरका संगमरवरी दगड आणि मँगनीज. भूगर्भशास्त्रज्ञांनी या खडकांच्या समूहाला ‘सौंसर’ हेच नाव दिले असून बालाघाट-भंडाऱ्यापर्यंत ते त्याच नावाने ओळखले जातात. धावणाऱ्यास यातून एवढेच घ्यायचे की पावसानंतर पूर्वेकडची मुरमाड वाट दोन दिवसांत वाळते आणि पांढुर्ण्याची काळी माती आठवडाभर बुटाला सोडत नाही. एकेका पायाला शेर-शेर चिखल बांधून धावण्याची तपश्चर्या ज्यांस करायची असेल त्यांनी भाद्रपदात अवश्य जावे.

आता मुख्य गोष्ट. वाट शोधायची कशी? फोनवरील नकाशे पाहून जाणारे बहुतेक फसतात, कारण त्या नकाशांत डांबरी रस्ता ठळक असतो आणि खरी वाट बहुधा नसतेच. उपग्रहाच्या चित्रात ती दिसते. दोन संत्राबागांमधली हिरवी, किंचित वाकडी रेघ. ती रेघ म्हणजे पांदण. पश्चिम महाराष्ट्रात हिला पाणंद म्हणतात. दोन्ही बाजूंस शेतांचे उंच धुरे, त्यांवर बाभूळ, बोर, पळस, घाणेरी यांची दाटी, आणि मध्ये बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. पिढ्यान्‌पिढ्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने खोल गेलेली ही वाट कित्येक ठिकाणी शेताच्या पातळीहून कमरभर खाली असते. दहा वाजले तरी तिच्यात ऊन उतरत नाही. चाकोरीतली माती दळलेली, मऊ; मधल्या पट्ट्यावर गवत. गुडघ्यांसाठी याहून चांगली जमीन आम्ही पाहिली नाही. आणि तिची लांबीही धावणाऱ्याच्या मापाची. गावातून शिवारात, शिवारातून शेजारच्या गावाला, तेथून रानाच्या कडेला अशा चार-पाच पांदणी जोडल्या की पंधरा-वीस किलोमीटरचा फेरा डांबराला न शिवता पुरा होतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात शंभर मैलांची जी प्रसिद्ध डोंगरी शर्यत आहे तिचा मार्ग मूळ घोडेस्वारांच्या शर्यतीचा. १९७४ साली गॉर्डी एन्सली नावाच्या तरुणाने घोड्याविना तो पायी धावून चोवीस तासांच्या आत पुरा केला आणि तेथून त्या देशातील रानधावेस वेगळे वळण मिळाले. आपल्याकडे घोड्याच्या जागी बैल आहे एवढाच फरक. शंकरपटाच्या दिवसांत या भागातले बैल ज्या वेगाने पळतात तो पाहिल्यावर माणसाने आपल्या वेगाविषयी फारसे बोलू नये.

पांदणीत माणसे भेटतात हा तिचा दुसरा गुण. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बैल थांबवून विचारले, ‘‘कोन मांगं लागलं का जी?’’ कोणी मागे लागलेले नाही, आम्ही हौसेने पळतो, हे त्याला पटविण्यास पाच मिनिटे लागली. पटले असे अजूनही वाटत नाही. पण पुढची वाट त्यानेच सांगितली, आणि कोणत्याही नकाशाने सांगितली नसती अशी सांगितली: अमक्या चिंचेपासून डावीकडे वळू नका, तिकडे विहिरीचे तोंड उघडे आहे. तेव्हापासून आमचा नियम असा की आदल्या संध्याकाळी गावात जायचे, चहाच्या टपरीवर बसायचे आणि वाट विचारायची. कोणाच्या बागेच्या कडेने जायचे असेल तर राखणदाराला सांगून ठेवायचे. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे तोडीस येतात. त्या दिवसांत अंधारात बागेजवळ दिसलेला अनोळखी मनुष्य चोरच ठरतो, आणि तसे ठरविणाऱ्याचा दोष नाही.

सौंसरहून जायचे तर आमची पसंती रामाकोन्याच्या दिशेला. कन्हान नदी तेथे आडवी येते. हिवाळ्यात तिच्या पात्रातले खडक उघडे पडतात आणि काठाकाठाने गुरांच्या वाटा लांबवर जातात. रामाकोन्यापुढे रान सुरू होते, आणि सिल्लेवानी घाटाकडे भूमी उभी राहते. या भागातून पूर्वी नागपूर–छिंदवाडा ही नॅरोगेज गाडी जात असे. कुकडीखाप्याचा धबधबा तिच्या खिडकीतून पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. २०१५ च्या अखेरीस ती थांबली आणि पुढे त्या मार्गावर ब्रॉडगेज आली. कोणी उत्साहाच्या भरात रुळांच्या कडेने धावू पाहील म्हणून सांगून ठेवतो की रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे. आणि वळणावर गाडी येते तेव्हा घाटात आवाज कोणत्या बाजूने येतो ते कळत नाही. धबधबा पाहायला पावसाळ्यात जावे, चालत जावे. शेवाळलेल्या खडकावर धावण्याचा हट्ट धरू नये.

सौंसर–पांढुर्णा रस्त्यालगत जामसावळीचा हनुमान आहे. पिंपळाखाली पहुडलेल्या या मारुतीच्या दर्शनास शनिवार-मंगळवारी दूरदुरून लोक येतात. वायुपुत्राच्या ठाण्याहून धाव सुरू करावी ही कल्पना कोणासही सुचेल, आम्हांसही सुचली. पण गर्दीच्या दिवशी तेथून बाहेर पडणेच कठीण. एखाद्या बुधवारी जमल्यास पाहावे.

पांढुर्णा गाव जाम नदीच्या काठी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच नदीत पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांमध्ये गोटमार होते. दगडांची ही परंपरा माणसांच्या प्राणांवर बेतलेली असूनही थांबत नाही, आणि तिच्याविषयी आमचे मत अनुकूल नाही. ते असो. गाव सोडून वरच्या अंगाला गेले की तीच जाम शांत असते. उत्तरेस तिगाव आणि चिचोंडा या स्थानकांच्या दरम्यान लोहमार्ग घाट चढतो. त्या बाजूच्या टेकड्यांवरच्या गुरवाटा आम्ही चार-पाच वेळा धुंडाळल्या. सागाचे रान विरळ, धावडा आणि सालई अधिक, माथ्यावर उघडे गवत. आणखी वर मुलताईचा पाणलोट. जामचे पाणी कन्हानला, कन्हानचे वैनगंगेला आणि शेवटी गोदावरीतून पूर्वसमुद्रास जाते. मुलताईस उगम पावणारी तापी सुरतेकडे पश्चिमसमुद्राला. एका सकाळच्या पल्ल्यात दोन समुद्रांच्या पाण्यांचा दुभंग ओलांडता येईल असा मार्ग जोडण्याचे आमच्या मनात आहे. त्यासाठी पाय अजून तयार व्हायचे आहेत.

रानाविषयी दोन शब्द कठोरपणे सांगणे आवश्यक. राखीव जंगलात वनखात्याच्या अनुमतीवाचून शिरू नये. पेंच आणि सातपुडा या व्याघ्रप्रकल्पांस जोडणारी रानपट्टी छिंदवाड्याच्या जंगलांतूनच जाते, बिबट्या तर गावाच्या उकिरड्यापर्यंत येतो. वाघाचे भय मनात बाळगून जाणारे अस्वलाला विसरतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रीतून गळतात आणि ती वेचण्यास पहाटे माणसाच्या आधी अस्वल आलेले असते. डोके खाली घालून खाणाऱ्या अस्वलासमोर वळणावरून धावत येणारा माणूस अचानक उभा राहिला तर ते पळून जाईलच असे नाही. त्या दोन महिन्यांत मोहाखालून उजाडल्यानंतर, बोलत आणि चालत जावे. रोही आणि रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी कित्येक शेतांभोवती झटक्याच्या तारा असतात. क्वचित कोणी थेट विजेचा प्रवाहही सोडतो. तो बेकायदा आहे खरा, पण अंधारात तारेला हे माहीत नसते. म्हणून दिवस उगवण्यापूर्वी शेतातून आडवे जाऊ नये, पांदण सोडू नये. कुसळांचा उपद्रव त्या मानाने किरकोळ. कार्तिकात मोजे फेकून द्यावे लागतात एवढेच.

नागपूरकडून आलेल्या आम्हां मंडळींना वाटते की डोंगरातून लांब पल्ल्याने जाण्याची ही टूम नवी आहे. या भागातल्या लोकांस ते ऐकून हसू येईल. श्रावणात पचमढीच्या नागद्वाराला आणि शिवरात्रीला चौरागडच्या महादेवाला जाणाऱ्यांत पांढुर्णा, सौंसर आणि विदर्भ येथील कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. नागद्वाराची वाट म्हणजे सातपुड्यातील दऱ्या, घसरडे उतार, ओढे आणि धुके. साठीच्या आजीबाई ती लुगडे खोचून, साध्या चपलांत, डोक्यावर शिदोरी घेऊन पार करतात. चौरागडला तर नवसाचे त्रिशूळ खांद्यावर वाहून नेतात. आम्ही एकदा आमचे चकचकीत बूट आणि पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या घेऊन अशाच एका घोळक्याच्या पुढे मोठ्या ऐटीने गेलो. पुढच्या चढावर आम्ही बसलेलो असताना तो घोळका ‘‘हर बोला महादेव’’ म्हणत आमच्या शेजारून गेला. एका बाईंनी थांबून आम्हांला खारे शेंगदाणे दिले.

आणि खरे धावणारे तर गावातच आहेत. पहाटे पाचला नागपूर–भोपाळ महामार्गावरून मोटारीने जा. पांढुर्ण्याच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या कडेने मुले धावताना दिसतील, हल्ली मुलीही. ही भरतीची तयारी. सैन्याच्या मेळाव्यात १६०० मीटर धावायचे असते आणि साडेपाच मिनिटांच्या आत आला त्यास पूर्ण गुण. मध्यप्रदेश पोलिसांच्या शिपाईभरतीत ८०० मीटर. आमच्या रविवारच्या छंदात कोणाची भाकरी गुंतलेली नाही, त्यांच्या धावेत ती आहे. त्यांनी महामार्गावर ट्रकांच्या प्रकाशझोतात का धावावे, असे आम्ही एका गावी विचारले. उत्तर मिळाले की पांदणीने धावत होतो, पण आता पांदण उरली कोठे?

हे उत्तर आम्हांस अनेक गावी मिळाले. धुऱ्याकडचा शेतकरी दरवर्षी नांगराचे एक तास पांदणीत सरकवितो, समोरचा तसेच करतो, आणि दहा वर्षांत गाडीवाट पाऊलवाट होते. मग बागेला कुंपण पडते आणि पाऊलवाटही जाते. पूर्वी मालगुजार वाट मोकळी ठेवी, कारण त्याचाच माल तीवरून जाई. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली ते योग्यच झाले, पण वाटेचा धनी कोणी उरला नाही. इंग्लंडमध्ये १९४९च्या कायद्याने गावोगावच्या पायवाटा अधिकृत नकाशांत नोंदविण्याचे काम स्थानिक मंडळांवर सोपविले आणि नोंदलेल्या वाटेवरून चालण्याचा हक्क कोणाही पांथस्थास राहिला. आपल्याकडे असे काही नाही असे समजू नये. मध्यप्रदेशच्या १९५९च्या भू-राजस्व संहितेत कलम २४२ अन्वये प्रत्येक गावाचा ‘वाजिब-उल-अर्ज’ असतो आणि त्यात वहिवाटीच्या वाटांची नोंद करण्याची तरतूद आहे. शेतावर जाण्याच्या वाटेचा तंटा कलम १३१ खाली तहसीलदार ऐकतो. वाट सरकारी जमिनीवर असून ती कोणी दाबली असेल तर कलम २४८. महाराष्ट्रात तलाठी तसा येथे पटवारी. त्याच्याकडील गावनकाशात पांदण दाखविलेली असेल तर अर्ध्या लढाईचे काम होते. वाट शोधणाऱ्या धावपटूनेही तो नकाशा एकदा पाहावा. उपग्रहाच्या चित्रात न दिसणाऱ्या, बुजलेल्या वाटाही त्यात सापडतात.

येथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. आम्हांला पांदण मातीची हवी. शेतकऱ्याला ती खडीची हवी, कारण संत्र्याचा ट्रक चिखलात रुतला तर माल झाडाखाली सडतो. महाराष्ट्रात २०२१ साली ‘मातोश्री’ या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना निघाली, ती याच गरजेतून. खडी पडली की आमच्या घोट्यांचे सुख गेले. तरीही आमचे मत शेतकऱ्याच्या बाजूने आहे. ज्या पांदणीवरून ट्रक जातो ती कोणी नांगरून टाकीत नाही. जी केवळ गवताळ आणि रम्य राहिली ती आमच्या डोळ्यांदेखत गेली. सौंसरकडच्या ज्या मार्गावर आम्ही पहिल्यांदा बारा किलोमीटर सलग धावलो होतो, त्याचे आता मध्येच तुटलेले दोन तुकडे आहेत.

पांढुर्ण्याजवळच्या एका गावात भरतीच्या मुलांनी उरलेल्या पांदणीवर चुन्याने रंगविलेले दोन दगड बसविले आहेत. एक ८०० मीटरवर, दुसरा १६००वर. अंतर त्यांनी टेप धरून मोजले. मागच्या पौषात आम्ही गेलो तेव्हा दुसऱ्या दगडाच्या अलीकडे कुंपणाचे सिमेंटी खांब आडवे रोवलेले होते, तार अजून लागली नव्हती. मुलांनी पटवाऱ्याकडून नकाशाची प्रत काढून तहसील कचेरीत अर्ज दिला आहे. त्यावर एकतीस सह्या आहेत, त्यांत मुलींच्या नऊ. सुनावणीची तारीख लागायची होती. तोपर्यंत मुले खांबांच्या मधून अंग चोरून जात होती आणि घड्याळ लावणारा पोरगा त्या अडखळण्याचे दोन सेकंद प्रत्येकाच्या वेळेतून वजा करीत होता.